न उगवणाऱ्या मेघातले म्हातारे तारे

माझे गाव मुकुटबन उत्तर अक्षांशाच्या २० अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे दक्षिण आकाशातला ७० अंशांपलीकडचा पट्टा इथल्या क्षितिजावर कधीच येत नाही. मॅगेलनचा लहान मेघ, म्हणजे एक बटू दीर्घिका, त्याच पट्ट्यात, ७३ अंश दक्षिणेला आहे. पैनगंगेकडच्या कोणत्याही माळावर, कितीही काळ्याकुट्ट अमावास्येला उभे राहा, तो दिसायचा नाही. त्याच मेघातले म्हातारे आणि थंड तारे निवडण्याची ही कृती मी मुकुटबनला, घरच्या ओसरीवर बसून केली. शेजारच्या काकांनी स्क्रीनवरचे ठिपके पाहून विचारले, "आपल्या इथून दिसते का थे?" मी म्हटले, नाही. "मंग कायले डोये फोडून राहिला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर गावाच्या जमिनीखालूनच सुरू करतो. इथला चुनखडक म्हणजे कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन. रसायनाच्या वर्गात यातला एकटा कॅल्शियम धातू. खगोलशास्त्रज्ञांची रीत वेगळी: हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेले सगळे त्यांच्या लेखी 'धातू'. त्या हिशेबाने चुनखडक शंभर टक्के धातू, आणि हा माल विश्वाच्या सुरुवातीला नव्हता. तो ताऱ्यांनी घडवला. यातल्या कार्बनचा मोठा वाटा सूर्यासारख्या किंवा त्याच्या काही पट वजनाच्या ताऱ्यांनी उतारवयात बाहेर फेकला. धातू अजून फारसे साचलेले नसताना ही फेकाफेक कशी चालत असेल, हे पाहायचे तर धातूंनी गरीब अशी दीर्घिका शोधावी लागते. छोट्या, बटू दीर्घिका बहुधा तशाच असतात. मॅगेलनच्या लहान मेघात धातूंचे प्रमाण सूर्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके आहे.

साहित्य

आठ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप चालतो. इंटरनेट मोबाइलचे असले तरी पुरे. फायली काही एमबींच्याच असतात. त्यावर जावा आणि टॉपकॅट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. टॉपकॅट हे ब्रिस्टल विद्यापीठातल्या मार्क टेलर यांचे काम. लाखो ओळींचे तक्ते तो सहज हाताळतो. चित्रे पाहायला अ‍ॅलाडिन आणि तक्ते मिळवायला व्हिझिएआर, ही दोन्ही फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राची. असले एक हत्यार पुण्यातही घडले आहे: आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून केलेले व्हीओप्लॉट. शेवटी एक वही, दोनशे पानी. ती साहित्यात का धरली ते पुढे कळेल.

दुर्बीण लागत नाही. इतरांनी घेतलेली निरीक्षणे सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि त्यांतून कोणी काय शोधावे यावर बंधन नाही.

पहिली पायरी: दीर्घिका ठरवा, आणि मोहात पडू नका

आधी मला आयसी १६१३ घ्यायची होती. ती मीन-तिमिंगलाच्या बाजूला आहे, आपल्याकडून उगवते, धातूंनी आणखी गरीब आहे. पण ती सुमारे २४ लाख प्रकाशवर्षे दूर. वहीत पहिला हिशेब हाच करा. ज्या ताऱ्यांना आपण शोधणार त्यांच्यातल्या मंदांची स्वतःची तेजस्विता २.२ मायक्रॉनच्या 'के' या अवरक्त पट्ट्यात उणे ६.३ प्रतीच्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). आयसी १६१३च्या अंतरामुळे त्यात २४ पेक्षा थोडी जास्त भर पडते, म्हणजे तारा १८व्या प्रतीचा दिसतो. आपण वापरणार ते टूमास सर्वेक्षण या पट्ट्यात १४.३ प्रतीपर्यंतच भरवशाचे आहे. विषय संपला.

मॅगेलनचा लहान मेघ सुमारे २ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथे भर पडते १९ची, आणि तारा येतो १२.७ प्रतीवर, म्हणजे आवाक्यात. म्हणून पहिल्यांदा मेघच. आयसी १६१३, एनजीसी ६८२२, सेक्स्टन्स ए ही नावे वहीच्या शेवटच्या पानावर टाकून ठेवा.

दुसरी पायरी: अवरक्तच का, ते आकड्यात मांडा

२,८९८ला ताऱ्याच्या केल्व्हिन तापमानाने भागा. तो तारा ज्या तरंगलांबीला सर्वात प्रखर असतो ती मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्याचे तापमान ५,७७० केल्व्हिन, उत्तर अर्धा मायक्रॉन: डोळ्यांना दिसणारा उजेड. आपले म्हातारे तारे ३,००० केल्व्हिनचे, उत्तर जवळपास एक मायक्रॉन: डोळ्यांच्या पलीकडचे. त्यांच्याभोवती धुळीचे कवच असेल, तर ती धूळ हजार-सहाशे केल्व्हिनची असते आणि तीन ते पाच मायक्रॉनला चमकते.

हे पटत नसेल तर कंदील आठवा. वात नीट कापली नाही की काच काजळते. ज्योत आतमध्ये तेवढीच जळत असते, पण बाहेर येतो तो मंद, तांबूस उजेड. हात लावला तर मात्र काच पोळते. कार्बन ताऱ्याचे नेमके हेच होते. त्याच्या पोटात हेलियमचा कार्बन होतो, अधूनमधून उसळी येऊन तो पृष्ठभागावर चढतो, बाहेर पडताना त्याची काजळी धरते आणि ती काजळी ताऱ्यालाच झाकते. निळ्या प्रकाशात असा तारा पाहणे म्हणजे काजळलेल्या कंदिलाखाली पोथी वाचणे.

इथे गरिबीचा मुद्दा येतो, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वात आवडलेला भाग हाच. ताऱ्याच्या वातावरणात कार्बन आणि ऑक्सिजन भेटले की जोडी जमवून कार्बन मोनॉक्साइड होतात. जो उरतो तो पुढची धूळ ठरवतो. ऑक्सिजन उरला तर सिलिकेटची, वाळूच्या जातीची धूळ; कार्बन उरला तर काजळी. सिलिकेटला सिलिकॉन लागतो आणि तो ताऱ्याला जन्मतःच मिळालेला असतो, वडिलोपार्जित. कार्बन स्वकष्टार्जित. गरीब दीर्घिकेत जन्मलेल्या ताऱ्याला वारशात सिलिकॉन थोडा, ऑक्सिजनही थोडा. मग स्वतः कमावलेला कार्बन त्या थोड्याशा ऑक्सिजनला चटकन ओलांडतो. म्हणून गरिबाच्या घरी कार्बन तारे लवकर होतात. सातबारा कोरा असला तरी काजळी धरायचे थांबत नाही.

तिसरी पायरी: तक्त्याआधी चित्र पाहा

अ‍ॅलाडिन उघडा, मेघाचा मध्य द्या: विषुवांश १३.१६ अंश, क्रांती उणे ७२.८० अंश. आधी निळ्या काचेवरचे जुने छायाचित्र लावा. पिठूळ पसरलेला ढग, त्यात निळसर पुंजके. आता तेच ठिकाण टूमासच्या चित्रात पाहा. पुंजके विझतात, आणि सगळीकडे बारीक तांबड्या-पिवळ्या दाण्यांची रास दिसू लागते. तरुण ताऱ्यांचा झगमगाट मागे हटतो, म्हातारी वस्ती पुढे येते. दोन चित्रे चार-पाच वेळा आळीपाळीने बदला. आकड्यांत शिरल्यावर हे चित्र डोळ्यांपुढे असावे लागते.

टूमासची चित्रे १९९७ ते २००१ या काळात दोन सारख्या दुर्बिणींनी घेतली. एक अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, दुसरी चिलीत. आरसे फक्त १.३ मीटरचे. आकाशाच्या प्रत्येक ठिकाणाला मिळाले एकूण ७.८ सेकंद, तेही सहा तुकड्यांत. तुकडे पाडण्याला कारण आहे. अवरक्तात आकाश स्वतःच उजळते: वरच्या हवेतले रेणू चमकतात, दुर्बिणीचे लोखंड उष्णतेने चमकते. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या छताखाली जे होते, तेच कॅमेऱ्याचे. म्हणून डिटेक्टर द्रव नायट्रोजनने किंवा तशाच साधनाने गारठवायचा, थोडे-थोडे चित्र घ्यायचे, दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची, आणि नुसत्या आकाशाचा उजेड वजा करायचा.

हे काम आपल्याकडेही चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा गिरावलीच्या, आयुकाच्या २ मीटर दुर्बिणीवर बसवलेला होता. पुढे तो नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर गेला. त्याच संस्थेचा टिरस्पेक लडाखमधल्या हानलेला आहे, साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथली हवा थंड आणि कोरडी. हवेतली वाफ अवरक्त गिळते, म्हणून एवढ्या उंचीवर चढायचे.

चौथी पायरी: तक्ता उतरवा

व्हिझिएआरमध्ये टूमासच्या बिंदुस्रोतांची यादी मागा; तिचा क्रमांक रोमन दोन, तिरपी रेघ, २४६. पूर्ण यादीत ४७ कोटींहून जास्त ओळी आहेत, त्यामुळे अटी घाला. मध्य वर दिला तोच. त्रिज्या २ अंश. के पट्ट्यातली प्रत १४ पेक्षा कमी, म्हणजे तारा त्याहून तेजस्वी. आणि सर्वात महत्त्वाचे: ओळींची मर्यादा. व्हिझिएआर आपणहून फक्त ५० ओळी देतो. ही मर्यादा काढली नाही, तर पन्नास तारे घेऊन तुम्ही दीर्घिकेचा अभ्यास कराल. हसू नका, होते तसे.

दोनच अंश का, याची कथा माझीच आहे. पहिल्यांदा मी हौसेने ३ अंश घेतले; जास्त तारे, जास्त मजा. आलेख काढला तर मेघाच्या राक्षसी ताऱ्यांच्या डावीकडे आणखी एक तिरपी, रेखीव रेघ उमटली. दोन संध्याकाळी मी त्या रेघेवर घालवल्या. धातूंनी आणखी गरीब, आणखी जुनी पिढी सापडली असे वाटून तिला वहीत नावही देऊन टाकले होते. ती रेघ होती ४७ टुकाने या गोलाकार तारकागुच्छाची. तो आकाशात मेघाच्या शेजारी दिसतो, पण आहे आपल्याच दीर्घिकेत, सुमारे १५ हजार प्रकाशवर्षांवर. तारे म्हातारे खरे, थंड खरे, घर मात्र चुकीचे. २ अंशांच्या वर्तुळात त्याची गर्दी येत नाही, काठावरचे थोडे तारे तेवढे शिरतात.

पाचवी पायरी: पाखडा, पण बेताने

प्रत्येक ताऱ्यापुढे गुणवत्तेची तीन अक्षरे असतात: जे, एच आणि के या तीन पट्ट्यांसाठी एकेक. 'ए' म्हणजे मोजमाप चोख. पुस्तकी सल्ला असा की तिन्ही 'ए' असलेले तारे ठेवावेत. हा सल्ला आपल्या कामाला घातक आहे.

कसा, ते पाहा. जे पट्टा १.२५ मायक्रॉनचा, के पट्टा २.१६चा. ज्या ताऱ्याने काजळी जास्त धरली आहे तो के मध्ये ठळक असतो आणि जे मध्ये जेमतेम किंवा अजिबात नाही. त्याच्या जे मोजमापाला 'ए' मिळणारच नाही. तिन्ही 'ए' मागितले की जे शोधायला निघालो नेमके तेच तारे सुपाबाहेर उडतात, आणि तक्ता स्वच्छ दिसतो म्हणून आपण खूश. म्हणून फक्त के साठी 'ए' मागा. टॉपकॅटमध्ये सबस्ट्रिंग फंक्शन वापरून तिसरे अक्षर तपासता येते. तो शून्यापासून मोजतो, त्यामुळे तिसरे अक्षर म्हणजे २ पासून ३ पर्यंत. जे मध्ये कच्चे असलेले तारे वेगळ्या उपसंचात ठेवा, 'संशयित' नाव द्या. फेकू नका.

सहावी पायरी: रंग–प्रत आलेख

आडव्या अक्षावर जे वजा के. हा रंग: आकडा जितका मोठा तितका तारा तांबडा. उभ्या अक्षावर के प्रत, उलटी करून, म्हणजे तेजस्वी वर. आलेख उमटला की पाच मिनिटे काही करू नका. नुसते पाहा.

डावीकडे, ०.३ ते ०.५ आणि पुन्हा ०.८च्या आसपास उभे पट्टे दिसतील. ते बहुतेक आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आडवे आलेले तारे. खाली मधोमध एक दाट तिरपी शाखा, मेघातल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांची. ती १२.७ प्रतीला एकदम विरळ होते. तिथे या ताऱ्यांच्या पोटातला हेलियम पेटतो आणि शाखा संपते. १२.७च्या वर जे उरतात ते आपले: पेटलेला हेलियमही आटोपत आलेले, कार्बन-ऑक्सिजनच्या गाभ्याभोवती पातळ थरांत जळणारे, फुगून सैल झालेले. त्यांच्यातून १.३च्या पुढे उजवीकडे एक शेपूट निघते. आधी आडवी जाते, मग २च्या पुढे खाली लोंबते. शेपटीच्या टोकाकडे काजळी इतकी की के मध्येही तारा मंदावतो.

१२.७ हा आकडा माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. रंग ०.८ ते १.२ मधले तारे निवडा आणि के प्रतीचा स्तंभालेख काढा. स्तंभ कुठे उडी मारतो ते स्वतः पाहा. तुमची उडी थोडी इकडेतिकडे आली तर वहीत तुमचाच आकडा लिहा.

सातवी पायरी: वाटेतले पाहुणे हाकला

यासाठी गाइया उपग्रहाचा तिसरा संच, जून २०२२ मध्ये खुला झालेला. त्यात ताऱ्यांची निजगती मिळते, म्हणजे आकाशात तारा वर्षाला किती सरकतो ते. जवळचे तारे भरभर सरकलेले दिसतात. मेघ इतका दूर की त्याचे सगळे तारे जवळपास एकाच संथ चालीने जातात.

टॉपकॅटच्या व्हीओ मेनूत सीडीएसची जुळवणी आहे. तिथे गाइया निवडा, जुळवणीची त्रिज्या १ विकला. जुळवणीचा प्रकार विचारला जाईल तेव्हा 'ईच' निवडा. 'बेस्ट' निवडले तर गाइयात नसलेले तारे तक्त्यातून गळतात, आणि गाइया दृश्य प्रकाशात पाहतो. काजळलेला कंदील त्याला दिसत नाही. पुन्हा तीच चूक, दुसऱ्या दाराने.

जुळवणी झाली की निजगतीचा आलेख काढा: विषुवांशातली आडवी, क्रांतीतली उभी. एक घट्ट गोळा आडव्या ०.७ आणि उभ्या उणे १.२ मिलिविकलांच्या जवळ दिसेल. तो मेघ. बाकी सगळीकडे विखुरलेली रांगोळी म्हणजे पाहुणे. आणि आडव्या सव्वापाच, उभ्या उणे अडीचपाशी एक छोटा ठिपक्यांचा झुबका. ४७ टुकाने. मला तो दोन संध्याकाळी छळत होता. इथे पाच सेकंदांत उघडा पडला.

आता अट लिहिताना शब्दांची काळजी घ्या. 'गाइया म्हणतो हा मेघातला आहे, म्हणून ठेवा' अशी अट नको. 'गाइया म्हणतो हा पाहुणा आहे, म्हणून काढा' अशी हवी. ज्याच्याबद्दल गाइया काहीच बोलत नाही तो राहू द्या. गोळ्यापासून दीड मिलिविकलेहून जास्त दूर असलेले, किंवा ज्यांचा पराशय (तारा जवळ असल्याची खूण) त्याच्या त्रुटीच्या पाचपटीहून मोठा, ते बाहेर. आलेख पुन्हा काढा. डावीकडचे उभे पट्टे बऱ्यापैकी ओसरलेले दिसतात.

आठवी पायरी: तीन ढीग

१२.७च्या वरचे तारे घ्या. रंग साधारण ०.९ ते १.३ असलेले ऑक्सिजनवाले, १.३ ते २ मधले बहुतेक कार्बनवाले, २च्या पलीकडचे धुळीत बुडालेले. या शेवटच्या ढिगात १२.७च्या खाली लोंबलेलेही घ्या, कारण त्यांना मंद केले ते काजळीने. ०.९च्या डावीकडे वरपर्यंत चढणारे तारे मोठ्या वजनाचे, तरुण, तांबडे महाराक्षस. ते म्हातारे नव्हेत, वेगळे ठेवा.

या रेघा ढोबळ आहेत. जाणकार तिरप्या रेघा वापरतात, आणि दीर्घिकेगणिक त्या सरकवतात. धातू कमी असले की राक्षसी तारे थोडे अधिक गरम, म्हणून कमी तांबडे असतात. आकाशगंगेच्या मध्यभागासाठी आखलेली रेघ इथे लावली तर ढीग चुकतात.

नववी पायरी: तुमचे बरोबर आहे का, ते दुसऱ्याला विचारा

इथे खरी गंमत आहे. १९९३ मध्ये रेबेरो, अ‍ॅझोपार्डी आणि वेस्टरलुंड यांनी या मेघातल्या १,७०७ कार्बन ताऱ्यांची यादी छापली, वर्णपट पाहून केलेली. आपण रंगावरून अंदाज केला. त्यांनी ताऱ्याच्या उजेडात कार्बनच्या रेणूंची खूण प्रत्यक्ष पाहिली. ही यादी उतरवा आणि आपल्याशी जुळवा. जुन्या यादीतली स्थाने तितकी काटेकोर नाहीत, म्हणून त्रिज्या मोठी घ्या, पाचेक विकला. मग दोन आकडे काढा: त्यांच्या यादीतले किती तुमच्या दुसऱ्या ढिगात आले, आणि किती पहिल्याच ढिगात अडकले. बरेच अडकलेले सापडतील. काजळी न धरलेला, जरा गरम कार्बन तारा रंगाने ऑक्सिजनवाल्यासारखाच दिसतो. ही पद्धतीची मर्यादा आहे, तुमची चूक नव्हे.

दुसरा साक्षीदार ओगल. वॉर्सा विद्यापीठाची ही मंडळी चिलीतून वर्षानुवर्षे मेघाकडे पाहत बसली आणि २०११ मध्ये त्यांनी तिथले १९,३८४ दीर्घकालीन रूपविकारी तारे जाहीर केले. आपले म्हातारे तारे धपापतात: फुगतात, आक्रसतात, शंभर ते हजार दिवसांच्या तालावर. ओगलच्या यादीशी जुळवा, आवर्तनकाळाचा लॉगरिदम आडवा आणि के प्रत उभी घेऊन आलेख काढा. ठिपके गोंधळून पडत नाहीत, समांतर तिरप्या पट्ट्यांत उभे राहतात. पीटर वुड यांनी १९९९ मध्ये मोठ्या मेघात हे पट्टे दाखवले होते. ते आपल्या लॅपटॉपवर उमटताना पाहिले तेव्हा मी आईला हाक मारली. ती तूर निवडत होती. तिने पाहिले आणि म्हणाली, "वावरातले तास दिसून राहिले." पेरणीच्या ओळी. याहून चांगले वर्णन मला सुचलेले नाही.

दहावी पायरी: धुळीतले तारे एकेक करून

तिसरा ढीग लहान असतो, आणि त्यात भेसळही जास्त. दूरच्या दीर्घिका तांबड्या दिसतात, नुकते जन्मलेले तारे धुळीत गुरफटलेले असतात, ग्रहीय तेजोमेघही असतात. इथे गाळण्या पुरत नाहीत. एकेक तारा अ‍ॅलाडिनमध्ये उघडून डोळ्यांनी पाहावा लागतो. पसरट दिसला तर दीर्घिका. भोवती वायूचा ढग आणि निळे तारे असतील तर बहुधा बाळतारा. मोकळ्या जागी, एकटा, टोकदार बिंदू असेल तर आपला.

असा एक मला सापडला. निळ्या छायाचित्रात तिथे काही नाही, रिकामी जागा. के पट्ट्यात ठसठशीत ठिपका. मग त्याची निओवाइजची मोजमापे काढली. हा उपग्रह २०१३च्या अखेरीपासून २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत आकाशाच्या प्रत्येक ठिकाणी दर सहा महिन्यांनी फिरकत राहिला, ३.४ आणि ४.६ मायक्रॉनमध्ये. त्याची नजर जाड आहे, सहा विकलांची, त्यामुळे गर्दीतल्या ताऱ्यांसाठी वापरू नका. माझा एकटा होता. वीसेक ठिपके, वर-खाली-वर. धपापत होता.

काकांनाही तो दाखवला. "दिसते तर नाही," निळ्या चित्राकडे बोट करून ते म्हणाले. मी दुसरे चित्र लावले. "हां. थे पाय."

पुढे

वहीच्या शेवटच्या पानावरच्या दूरच्या दीर्घिकांसाठी टूमास अपुरे, म्हणून तिथे स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची चित्रे घ्यावी लागतात. तिचा थंड हेलियम २००९ मध्ये संपला, पण ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे दोन कॅमेरे २०२०च्या जानेवारीत ती निवृत्त होईपर्यंत चालले. मार्था बॉयर आणि सहकाऱ्यांनी त्याच दोन पट्ट्यांत जवळच्या ५० बटू दीर्घिका पाहिल्या, प्रत्येक साधारण सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा. रंग तांबडा आणि तेज बदललेले, अशा दुहेरी अटीवर त्यांना ५२६ धुळकट तारे मिळाले. त्यातले १२ अशा दीर्घिकांत, जिथे लोहाचे प्रमाण सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी आहे. इतक्या गरिबीत धूळ करणारे तारे तोवर माहीत नव्हते.

दोन वेळांऐवजी अनेक वेळा पाहिले की आवर्तनकाळही हाती लागतो. त्याचे जवळचे उदाहरण पवईचे आहे. आयआयटीत तेव्हा भौतिकशास्त्र शिकणारे विराज करंबेळकर २०१९च्या एका शोधनिबंधाचे पहिले लेखक होते. मानसी कासलीवाल यांच्या स्पिट्झर सर्वेक्षणातल्या २० दीर्घिकांमधून त्यात ४१७ तेजस्वी रूपविकारी तारे निवडले आहेत, सगळे २५० दिवसांहून मोठ्या तालाचे. त्यातले ५८ तारे नेहमीच्या मापाहून जास्त तेजस्वी निघाले. ती निरीक्षणेही आता खुल्या संग्रहात आहेत.

शेवटी फायलींबद्दल. प्रत्येक उपसंच वेगळ्या नावाने साठवा. नावात तारीख, त्रिज्या आणि कोणती अट लावली ते लिहा, आणि तेच वहीत उतरवा. वीज कधीही जाते. माझ्या पहिल्या फाइलचे नाव नुसते 'नवीन' आहे, दुसरीचे 'नवीन नवीन'. ४७ टुकाने यातल्या कोणत्या फाइलमध्ये आहे, हे मला दर वेळी उघडूनच पाहावे लागते.